पेट्रोलचा दाब उतरतो म्हणून लगेच पंप बदलायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. दहा-बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, साधी पोर्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या आत नाही तर त्याच्या तोंडाशी हवेच्या वाटेत फवारणारी. सकाळी पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग इंजिन पकडतं. फिरून येऊन तासभर उभी केली की पुन्हा तेच. एकदा सुरू झाली की तक्रार नाही. पिकअप ठीक, चेक लाइट नाही. प्लग आणि फिल्टर बदलून झाले, फरक शून्य. पेट्रोलच्या दाबाचा गेज लावला तर चालू इंजिनला 3.5 बार (बार हे दाबाचं माप), आणि बंद केल्यावर दहा मिनिटांत काटा शून्यावर. एक मेकॅनिक म्हणतो टाकीतला पेट्रोल पंप, दुसरा म्हणतो इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारं तोंड. आणि तुम्ही विचारताय, आधी काय बदलू?

आत्ता काहीच बदलू नका. तुमच्या हातात दोन निरीक्षणं आहेत: दाब उतरतो आणि गाडी उशिरा सुरू होते. पहिल्यामुळे दुसरं होतंय हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. दोन्ही मेकॅनिकनी ते गृहीत धरलं आणि आपापल्या अनुभवातला सगळ्यात नेहमीचा पार्ट सांगितला. कदाचित दोघांपैकी एक बरोबर असेलही. पण आज जे चाललंय ते अंदाजपंचे आहे, आणि पंप काही अंदाजाने बदलून बघण्याइतका स्वस्त नसतो.

एक गोष्ट आधीच विचारून घेतो. सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पकडत नाही, की सेल्फच जड, ओढत ओढत फिरतो? लोक दोन्हीला ‘स्टार्टिंग स्लो’ म्हणतात आणि दोन्हींचा रस्ता पूर्ण वेगळा. जड फिरत असेल तर इंधनाकडे बघूच नका. बॅटरी, तिचे टर्मिनल, इंजिनची अर्थिंगची पट्टी आणि सेल्फ हे बघा. सेल्फ चालू असताना बॅटरीवरचा व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण तेवढ्या व्होल्टेजवर पंपही मंद चालतो आणि स्पार्कही कमजोर पडतो. तुमच्या वर्णनावरून सेल्फ नेहमीसारखा फिरतो असं धरून पुढे जातो.

आता मुख्य मुद्दा. दाब जाणं वेगळं आणि पाइप रिकामा होणं वेगळं. हा फरक लक्षात आला की निम्मं निदान झालंच.

पेट्रोल जवळजवळ दाबलं जात नाही. त्यामुळे बंद पाइपातून अगदी थोडे थेंब निसटले तरी गेजचा काटा 3.5 वरून शून्यावर येतो, पाइप मात्र पेट्रोलने भरलेलाच असतो. अशा भरलेल्या पाइपात दाब परत आणायला चांगल्या पंपाला सेकंदही लागत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद जी घुर्र ऐकू येते, तेवढ्यात काम होतं. म्हणजे नुसता काटा शून्यावर आला एवढ्याने सहा सेकंद सेल्फ मारायची वेळ येत नाही. ती यायला तीनपैकी काहीतरी घडावं लागतं: पाइपातलं पेट्रोल मागे टाकीत उतरून तिथे हवा शिरलेली असते, किंवा गरम रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) दाब नसल्याने पेट्रोलची वाफ झालेली असते, किंवा ते पेट्रोल इंजेक्टरमधून सिलिंडरकडे गळून इंजिन ओलं झालेलं असतं.

वाफेचं थोडं समजून घ्या. पेट्रोलमधले हलके घटक साध्या हवेच्या दाबाला 35-40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. गाडी बंद केल्यावर पाणी फिरणं थांबतं, पंखा थांबतो, आणि इंजिनची उष्णता वर रेलमध्ये चढते. बंद केल्यानंतरची वीस-तीस मिनिटं रेल चालू गाडीपेक्षाही जास्त तापलेला असतो. त्या वेळी आत दाब टिकून असेल तर पेट्रोल द्रवच राहतं. म्हणूनच पंपात चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे परतू न देणारी झडप, ठेवलेला असतो. पण रात्रभर उभ्या गाडीत इंजिन गार होतं, पेट्रोल आकसतं आणि अगदी धडधाकट गाडीतही सकाळी गेज शून्याजवळ दिसू शकतो. सकाळचा शून्य बघून पंपाला शिक्षा देणारे मी पुष्कळ पाहिलेत. आकड्यावरून काही ठरवायचंच तर तो गाडी बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला घ्या. टोयोटाच्या बऱ्याच पोर्ट इंजेक्शन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बंद केल्यावर पाच मिनिटांनी 147 किलोपास्कल, म्हणजे दीड बारच्या जवळपास दाब शिल्लक असावा असं दिलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. पण दहा मिनिटांत पूर्ण शून्य म्हणजे कुठेतरी गळती आहे, एवढं मान्य. ती सहा सेकंदांना जबाबदार आहे का, ते उद्या सकाळी कळेल.

रात्री गेज लावूनच ठेवा. सकाळी सेल्फ न मारता चावी फक्त ऑनला न्या आणि काट्याकडे बघा. ही संधी दिवसाला एकदाच मिळते. आधी कुणी गाडी हलवली की ती गेली, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण दाबून इग्निशन ऑन करा. काही गाड्यांत पंप दरवाजा उघडतानाच फिरतो, काहींत सेल्फ मारेपर्यंत फिरतच नाही. तुमच्या गाडीची सवय आदल्या दिवशीच कान लावून ओळखून ठेवा.

काटा पहिल्याच घुर्रमध्ये सटकन 3.5 वर गेला, तर पाइप भरलेला होता आणि पंप ठीक आहे. आता सेल्फ मारा. तरीही पाच-सहा सेकंद लागले, तर दाब कमी असणं हे कारण नव्हतं. पंप बदलून काहीही होणार नाही. इथून शोध इंजेक्टर, सेन्सर आणि स्पार्ककडे वळतो.

काटा एका वेळेत 1 वर, चावी बंद करून पुन्हा ऑन केल्यावर 2 वर, असा पायऱ्या चढत गेला, तर पाइप रिकामा झालेला आहे, किंवा पंपच अशक्त आहे, किंवा पंपाला पूर्ण करंट मिळत नाही. अशा वेळी तीन-चारदा चावी ऑन-ऑफ करून काटा 3.5 ला पोचवा आणि मग सेल्फ मारा. अर्ध्या सेकंदात इंजिन पकडलं, तर तुमचं कारण सिद्ध झालं. या एका चाचणीला काहीही खर्च येत नाही. गेज नसला तरी नुसत्या कानाने करता येते. तरी दहापैकी आठ गाड्या माझ्याकडे ही न करता, पार्ट बदलून येतात.

एका गाडीत दाब पायऱ्यांनी चढत होता. आधीच्या गॅरेजने पंप बदलला होता, महिनाभर बरं वाटलं, मग परत तेच, म्हणून पुन्हा पंप. मी टाकीतलं युनिट (पंप ज्यात बसवलेला असतो तो संच) बाहेर काढलं. पंप नवा कोरा, पण पंपापासून युनिटच्या झाकणापर्यंत जाणारी बोटभर लांबीची घडीची प्लास्टिक नळी एका घडीवर चिरलेली. पंप चालू असताना थोडं पेट्रोल तिथून टाकीतच फवारलं जायचं आणि बाकीच्यावर गाडी व्यवस्थित चालायची. बंद केली की पाइपातलं सगळं पेट्रोल त्या चिरेतून खाली. दोन्ही वेळेस पंप बदलणाऱ्याने जुनीच नळी नव्या पंपावर चढवली होती, आणि हाताळताना ती चीर काही दिवस मिटून बसली असणार. तेव्हापासून युनिट उघडलं की पंपाकडे बघण्याआधी मी ती नळी वाकवून बघतो आणि ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) नखाने दाबून बघतो.

तर गळतीची जागा. पहिला प्रश्न एवढाच: पेट्रोल टाकीकडे जातंय की इंजिनकडे? गेजच्या संचात बंद करायची कॉक असलेला जोड मिळतो. तो रेलच्या तोंडाशी, टाकीकडून येणाऱ्या पाइपात बसवायचा, गेज रेलच्या बाजूला. दाब चढवला, इंजिन बंद केलं आणि लगेच कॉक फिरवली. आता रेल टाकीपासून तुटला. दाब टिकला तर गळती टाकीच्या बाजूला, तरीही पडला तर इंजिनच्या बाजूला. होज चिमटा लावूनही हेच करतात, पण फक्त रबरी होजवर. कडक नायलॉनच्या पाइपाला चिमटा लावलात तर एका चाचणीपायी नवा पाइप घ्यावा लागेल.

आणि तिसरी शक्यता अशी की गळती गेजच्याच जोडाला आहे. हसू नका. उमेदवारीत मी एकदा अर्धा दिवस गळका इंजेक्टर शोधला होता. शेवटी उस्तादांनी येऊन गेजच्या जोडाखाली कोरडा कागद धरला, तो ओला झाला, आणि ते काही न बोलता चहाला गेले.

टाकीच्या बाजूला निघालं तर तुमच्या गाडीत रिटर्न लाइन, म्हणजे जास्तीचं पेट्रोल रेलकडून टाकीत परत नेणारा पाइप, आहे का ते बघा. नसेल, म्हणजे रेलकडे एकच पाइप येत असेल, तर दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटरही टाकीतल्या युनिटमध्येच आहे. मग चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नळी आणि ओ-रिंग हे चारही एकाच भांड्यात. बाहेरून त्यांच्यात फरक करता येत नाही, युनिट काढावंच लागतं. चेक व्हॉल्व्ह बहुतेक पंपांत अंगचाच असतो, सुटा मिळत नाही. तो गळका ठरला तर पंप बदलणं आलं, पण ते आता पुराव्यानिशी. रिटर्न लाइन असेल तर रेग्युलेटर रेलवर असतो, त्यामुळे कॉकच्या चाचणीत त्याची गळती इंजिनच्या बाजूला दिसते. रिटर्नचा रबरी होज चिमटला आणि दाब टिकला तर दोषी तो. इंजिन चालू असताना मात्र हा होज पूर्ण चिमटू नका, दाब भलताच चढतो. त्याच रेग्युलेटरला इनटेककडून (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेकडून) एक बारीक व्हॅक्यूम नळी येते. ती काढून हुंगा. आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर त्याचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट इनटेकमध्ये जातंय. इंजिन आयडलला, म्हणजे पेडल न दाबता चालू असताना ही नळी काढली की दाब साधारण अर्धा बार वाढायला हवा. काटा हललाच नाही, तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा रेग्युलेटर अडकलाय.

इंजिनच्या बाजूला निघालं आणि रेलवरचा रेग्युलेटर दोषी नसेल तर इंजेक्टर. गळका इंजेक्टर आपली ओळख स्वतःच देतो. गाडी तासाभराने उशिरा सुरू होते, सुरू होताना एखादा सिलिंडर दोन-चार सेकंद मिस मारतो, मागून काळपट धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. याची फुकट चाचणीही आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण तळाला टेकवला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद ठेवतो, म्हणजे फक्त हवा आत जाते. तासभर उभ्या गाडीला असा सेल्फ मारा. नेहमीपेक्षा लवकर पकडली तर आत पेट्रोल जास्त झालं होतं. पकडताक्षणी पाय काढा, नाहीतर गार तेलावर इंजिन किंचाळेल. पेडल किंचित, पाव भाग दाबल्यावर सहज सुरू होत असेल तर ती वेगळी खूण आहे: हवा कमी पडतेय, थ्रॉटल बॉडीत (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेत) काजळी साचलेली असेल, ती साफ करा.

नक्की कोणता इंजेक्टर ते कळायला तासभर उभ्या गाडीचे प्लग सेल्फ न मारता काढा. एक ओला आणि बाकीचे कोरडे असतील तर तोच सिलिंडर. रेल इंजेक्टरसकट उचलून दाब चढवून थेंब बघण्याची पद्धत जास्त खात्रीची आहे, आणि मिनिटभरात थेंब सुटून खाली पडला तर मी तो इंजेक्टर बाद करतो. पण उघड्यावर 3 बारचं पेट्रोल असतं, त्यामुळे हे घरी करू नका. स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर आयडलवरचं फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. गळक्या इंजेक्टरने किंवा फाटलेल्या रेग्युलेटरने ते उणे बाजूला झुकतं, कारण ईसीयू पेट्रोल कमी करत बसतो. उलट जोर लावल्यावर अधिक बाजूला चढत असेल तर पंप किंवा फिल्टर अपुरा पडतोय.

फिल्टरवरून आठवलं. तुम्ही फिल्टर बदललात ते वाईट नाही केलंत, पण तुंबलेला फिल्टर दाब बंद अवस्थेत उतरवू शकत नाही. तुंबारा पेट्रोलला पुढे जाण्यापासून अडवतो. गळती ही उलटी गोष्ट आहे. तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नव्हता.

दाब पायऱ्यांनी चढतो, पण कॉक बंद करून बघितली तर कुठेच फारशी गळती नाही, असं निघालं तर पंपाचा करंट तपासा. पंप फिरत असताना, म्हणजे भाराखाली, त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी मिळत असेल तर रिले, फ्यूज, कनेक्टर किंवा अर्थिंग खातंय. टाकीवरच्या कनेक्टरची एखादी पिन तपकिरी झालेली, प्लास्टिक वितळलेलं, हे मी फार वेळा पाहिलंय. कनेक्टर काढून मोजलेले 12 व्होल्ट काही सांगत नाहीत; वायरमधली एकच बारीक तार शाबूत असली तरी ते दिसतात. ज्या गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोलर ठरवतो, तिथे हे मोजमाप सरळ वाचता येत नाही, स्कॅनर लागतो.

आता दाब निर्दोष सुटला तर काय, ते झटकन. स्कॅनरवर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. कूलंट सेन्सर गार इंजिनला गरम म्हणत असेल तर ईसीयू पेट्रोल कमी देतो आणि सकाळी त्रास होतो. सेल्फ मारताना आरपीएम बघा. पहिले तीन-चार सेकंद शून्य आणि मग अचानक 200 दिसू लागले तर दोष क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरचा. आणि टाकी भरल्याभरल्याच जास्त त्रास होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारी झडप) उघडा अडकून वाफ इनटेकमध्ये येत असेल.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची किंवा डिझेल असेल तर वरचं तसंच्या तसं लावू नका. डायरेक्ट इंजेक्शनला टाकीपासूनचा भाग असाच तपासता येतो, पण पुढे हाय प्रेशर पंपानंतर पन्नासपासून दोनशे बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तो फक्त स्कॅनरवर वाचायचा. तिथे इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढतेय का आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का हेही बघा, कारण त्या पंपाचं सील गेलं तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. कॉमन रेल डिझेलमध्ये रेलचा दाब एका मर्यादेपर्यंत, गाडीप्रमाणे साधारण 150 ते 300 बार, चढेपर्यंत इंजिन पकडतच नाही. तिथे पहिला संशय सक्शनच्या पाइपातून हवा ओढली जाण्याचा, दुसरा इंजेक्टरच्या रिटर्नमधून जास्त डिझेल परत जाण्याचा. चालू इंजिनवर तिथला कुठलाही नट सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो.

तुमच्या गाडीलाही हात लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालवून बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि इंजिन गार असतानाच जोड सोडा. फडकं गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून. जवळ पेटणारं काही नको आणि अग्निशामक हाताशी हवा.

तुम्ही सांगितलंत त्यात एक गोष्ट मला इंजेक्टरपासून दूर नेते: सकाळी आणि तासाभराने, दोन्ही वेळा त्रास जवळजवळ सारखाच आहे, आणि सुरू होताना मिस मारणं किंवा धूर तुम्ही लिहिलेलं नाही. गळक्या इंजेक्टरचा त्रास सहसा गरम असताना जास्त जाणवतो, रात्रीतून ते पेट्रोल बरंचसं उडून जातं. त्यामुळे पैज लावायचीच तर मी टाकीतल्या युनिटवर लावीन. पण युनिट उघडण्याआधी तीन गोष्टी कळवा: सकाळी पहिल्या घुर्रला काटा कितीवर थांबला, तीन-चारदा ऑन-ऑफ केल्यावर किती सेकंदांत पकडली, आणि रेलकडे पाइप एक येतो की दोन.